सायकल स्टँडवरचा संसार

पहाटे त्याचा हात कुणाच्या तरी पाठीला लागला आणि त्यानं दचकून विचारलं, "कोण?"

"मी," ती म्हणाली.

आवाजात झोप नव्हती. म्हणजे ती आधीपासूनच जागी होती, आणि शेजारी नवरा झोपलाय या गोष्टीशी बराच वेळ एकटीच जुळवून घेत पडली होती. मग ती उठली. सवयीनं पांघरुणाची घडी घालायला गेली, तर निम्मं पांघरूण त्याच्या अंगावर. तिनं आपल्या वाट्याचं निम्मं तेवढं नीट दुमडून ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटला, भांडं वाजलं. तो डोळे मिटून पडून राहिला. लाजेनं त्याचे कान गरम झाले होते. लग्नाला तीस वर्षं होत आली, एक मुलगी वाढवून परगावी नोकरीला लावून झाली, आणि हा गडी बायकोला विचारतोय, कोण! आणि तिनं तरी काय, दाराबाहेरून सांगावं तसं 'मी' म्हणून सांगावं? चिडली असती, हसली असती, पाठीत एक धपाटा घातला असता, तर त्याला बरं वाटलं असतं. पण तिला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं, आणि तेच त्याच्या जिव्हारी लागलं.

तसं वावगं काही नव्हतंच म्हणा. कारखान्यात दोन पाळ्या होत्या, दिवसपाळी आणि रात्रपाळी, बारा-बारा तासांच्या. तो पॅकिंगमध्ये, ती वाइंडिंगमध्ये, म्हणजे मोटारीवर तांब्याची तार गुंडाळतात तिथे. नवरा-बायको दोघंही कामाला असतील तर एकाला दिवस आणि दुसऱ्याला रात्र द्यायची, ही कंपनीनं दिलेली सवलत होती. मुलं घरात एकटी राहू नयेत म्हणून. सवलत म्हणे. साप्ताहिक सुट्टीसुद्धा निरनिराळ्या वारी. त्यामुळे ती उठून गेली की तो येऊन झोपायचा, तो उठून गेला की ती. बिछाना एक होता आणि तो वर्षानुवर्षं कधी पुरता थंड पडला नाही. बायको म्हणजे काय असं त्याला कुणी विचारलं असतं तर त्यानं, अर्थात लाज सोडून बोलायचं ठरवलं असतं तर, उशीजवळची ऊब असं सांगितलं असतं. घाईनं कामाला गेलेल्या माणसाची ऊब. तो तिच्यावर गाल ठेवून झोपी जायचा, आणि ती निवायच्या आत झोप लागावी म्हणून धडपडायचा. गादीत मधोमध एकच खळगा पडला होता, दोघांचा मिळून. आता या सोमवारपासून अख्ख्या कारखान्याला एकच पाळी झाली. सकाळी सगळे जातात, संध्याकाळी सगळे येतात, आणि रात्री दोन माणसं त्या एका खळग्याच्या दोन काठांवर अंग चोरून पडतात. झोप लागली की दोन्हीकडून घरंगळत मधोमध येतात. मग दचकतात.

चहाच्या वेळी ती म्हणाली, "साखर किती घालू?"

"एक चमचा."

"मी दोन घेते," ती म्हणाली, आणि दोघंही थोडा वेळ आपापल्या कपाकडे बघत बसले. आज रविवार. दोघांना मिळून आलेला पहिला रविवार. तिनं चष्मा लावला आणि वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायला घेतलं. ती घरात चष्मा लावते हे त्याला याच आठवड्यात कळलं होतं. भांडी घासताना ती कुणाशी तरी भांडल्यासारखं पुटपुटते, हे बुधवारी कळलं. झोपताना डाव्या पायाचा अंगठा उजव्या टाचेवर घासत राहते, हे गुरुवारी. रोज काहीतरी नवीन कळत होतं आणि कळलं की त्याला चुटपूट लागायची, कारण एवढं सगळं आपल्याला न सांगता इतकी वर्षं याच घरात चाललं होतं. समोर बसलेल्या बाईची आठवण येते, असं कुणाला सांगितलं तर लोक वेड्यात काढतील. पण त्याला तिची आठवणच येत होती. हात पुढे केला तर कोपराला लागेल इतकी ती जवळ होती, आणि त्याचा जीव तिच्यासाठी कासावीस होत होता. उद्या सोमवार. उद्या तिला साहेबाला उत्तर द्यायचं होतं, जाणार की नाही जाणार, आणि त्यावर हे दोघं अजून एक अवाक्षर बोलले नव्हते.

एक अवाक्षर म्हणजे, एकच बोलले होते. तेच तर झालं होतं. मंगळवारी संध्याकाळी गेटमधून दोघं बरोबर बाहेर पडले, आयुष्यात दुसऱ्यांदाच एकाच दिशेनं. भाजीच्या दुकानाशी ती थांबली आणि टोमॅटो चाचपत, त्याच्याकडे न बघता, एका दमात म्हणाली, "वाइंडिंग हलवतायत. कंपनीच्या नव्या कारखान्यात, तिकडे लांब, राहायलाच जावं लागेल. जुन्या बायकांना विचारलंय, येता का म्हणून. सोमवारी सांगायचंय." आणि तो म्हणाला, "बरं."

बरं! जिभेचं वळण, दुसरं काय. कारखान्यात पाळी बदलते तेव्हा जाणारा येणाऱ्याला तिथली हालहवाल सांगतो, त्याला म्हणायचं चार्ज देणं. तीन नंबरचं यंत्र तापतंय, पट्ट्या संपत आल्यात, कोपऱ्यातला दिवा गेलाय. येणाऱ्यानं प्रत्येक गोष्टीला 'बरं' म्हणायचं. का, कसं, कुणी केलं, हे विचारायचं नाही, कारण जाणाऱ्याची बस उभी असते. एकदा बरं म्हटलं की ते सगळं तुझं, निस्तर. त्याचा संसार याच पद्धतीनं चालला. गेटच्या आत, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली, एक पाळी सुटून दुसरी लागायच्या मधल्या पाच मिनिटांत. "गुंडीला ताप होता, उतरलाय, औषध मात्र आज द्यायचंच. दूध तापवलंय. नळाला पाणी नाही. तिच्या बाई म्हणतात गणितात कच्ची आहे." बरं, बरं, बरं, बरं. गुंडी म्हणजे मुलगी. लहानपणी शर्टाच्या गुंडीसारखी गोल होती म्हणून. तेरा-चौदा वर्षांची झाली तेव्हा फटकळपणे म्हणाली होती, "तुम्ही दोघं बोलतच नाही, नुसता चार्ज देता." त्यावर तो पोट धरधरून हसला होता, आणि तीही हसली होती म्हणे. पण गुंडीनं दोघांना निरनिराळ्या वेळी सांगितलं होतं, त्यामुळे हसणंही निरनिराळं झालं.

आणि तरी ती पाच मिनिटं! त्या पाच मिनिटांसाठी तो दिवसभर खोके ठोकत असे. सकाळी रात्रभर जागून तिचे डोळे लाल झालेले, केसांच्या बटा सुटलेल्या, बोटांना तांब्याचा वास. चार्ज लवकर संपला तर थोडा वेळ उरायचा. त्या उरलेल्या वेळात काय करायचं हे दोघांनाही ठाऊक नसे. नुसते उभे राहत, ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, तो सायकलची घंटी उगाच पुसत. एकदा तिनं त्याच्या कॉलरवरून पॅकिंगच्या गवताची काडी काढली. काडी काढली, बघितली, टाकून दिली आणि आत गेली. त्यानं तो शर्ट पुढे किती दिवस धुवायला टाकला नाही. आता पाळी एक झाली आणि सायकल स्टँडवर थांबायचं कारण संपलं. चोवीस तास एकत्र, आणि चार्ज द्यायला काही नाही. दूध तापवलेलं दोघांनाही दिसतंच.

ती पेपर वाचत होती. बाहेर गल्लीत कुणीतरी काच खरवडत होतं. मग दुसऱ्या घरातूनही तोच करकरणारा आवाज सुरू झाला, मग तिसऱ्या. अंगावर काटा आणणारा आवाज, पण आज कुणी कुणाला ओरडत नव्हतं. या शहरातल्या काचा काळ्या होत्या. नवीन माणूस आला की विचारायचा, इथे एवढं सुतक कुणाचं? सुतक कसलं, अर्धं शहर दिवसा झोपायचं, म्हणून लोकांनी खिडक्यांना आतून काळा रंग फासला होता. कंपनी आली तेव्हा इथे होतं काय? एक वजनकाटा, टायरची दोन दुकानं, एक शाळा आणि पुष्कळशी सपाट जमीन. सातासमुद्रापलीकडच्या कुणीतरी ती सपाट जमीन नकाशात बघितली आणि फ्रीजचे कॉम्प्रेसर करायचं ठरवलं. ज्या देशात दूध खिडकीबाहेर ठेवलं तरी नासत नाही, त्या देशाला इथली माणसं फ्रीजचे कॉम्प्रेसर पाठवत राहिली, आणि त्यावर गावाचं शहर झालं. वाढलंही अजबच. गावं बाजारापासून चारी बाजूंना पसरतात. हे एकाच रस्त्यानं लांबत गेलं, गेटच्या दिशेनं. सिनेमाचा गर्दीचा खेळ सकाळचा. न्हावी पहाटे दुकान उघडायचा, दात काढणारा डॉक्टर पहाटेपर्यंत दात काढायचा. भाजीवाले ओरडत नसत. मुलं बोलायला शिकली की पहिलं वाक्य शिकत ते, 'हळू, कुणीतरी झोपलंय.' मालकांना कुणी कधी पाहिलं नाही, पण त्यांचा उन्हाळा-हिवाळा सगळ्यांना तोंडपाठ. तिकडे उन्हाळा लागला की इकडे जादा काम. तिकडच्या लोकांनी जुना फ्रीज अजून एक वर्ष चालवू या म्हटलं, की इकडच्या पोरींची लग्नं पुढे जायची.

आता म्हणे त्यांना दुसरीकडून स्वस्त मिळतंय. मोठी मागणी गेली, रात्रपाळी गेली, आणि जे उरलंय तेही किती दिवस, हे कुणी सांगत नाही. विचारलं तर साहेब म्हणतो, ही तात्पुरती व्यवस्था आहे. त्याचं हे पहिल्यापासूनचंच. कँटीनचं छप्पर गळालं, तात्पुरतं. पगाराला उशीर, तात्पुरता. त्याची स्वतःची खुर्ची मोडकी, तीही तात्पुरती. लोक त्याला तात्पुरतेसाहेबच म्हणायचे, आणि नवीन आलेल्यांना बरेच दिवस ते त्याचं आडनावच वाटायचं.

"काच खरवडायची का आपणही?" त्यानं विचारलं.

ती पेपरातून मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला वाटत असेल तर."

"ब्लेड आणतो."

बाहेर पडल्यावर त्याला जरा मोकळं वाटलं, आणि मोकळं वाटल्याबद्दल लगेच अपराधी. रस्ता माणसांनी फुलला होता. भिंतीला भिंत लागून राहणारी आणि कधी एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं दारात उभी राहून ओळखी करून घेत होती. पलीकडच्या घरातला वेल्डर, ज्याच्या खोकल्यावरून तो इतकी वर्षं त्याला ओळखत होता, प्रत्यक्षात टकला निघाला. हार्डवेअरवाल्यानं लांबूनच हात हलवला. "ब्लेड संपली. सगळ्या गावाला आजच उजेड हवाय." मग तो न्हाव्याकडे गेला. न्हावी जुनी पाती डब्यात टाकून ठेवतो हे त्याला माहीत होतं. तिथेही रांग. "आता सगळ्यांची डोकी एकदमच वाढतात," न्हावी कुरकुरला. "आधी कसं, दिवसभर एकेक गिऱ्हाईक. आता सकाळभर कुत्रं फिरकत नाही, आणि सुटीच्या दिवशी ही जत्रा." त्यानं डबा हलवून चार पाती काढून दिली, कागदात गुंडाळली, आणि सहज म्हणावं तसं म्हणाला, "काय, तुमच्या घरच्या मग कधी निघणार?"

"कुठे?"

"नव्या कारखान्यात. माझी मेहुणी वाइंडिंगलाच आहे ना. म्हणत होती, बाकीच्या सगळ्या विचार करतायत, तुमच्या घरच्यांनी तर बुधवारी सकाळीच होकार देऊन टाकला. हिंमत लागते हो."

"हो," तो म्हणाला. "लागते."

पुडी खिशात घालून तो चालायला लागला, पण घराकडे नाही. पाय गेटच्या रस्त्याला लागले. लागणारच, या शहरात पायांना दुसरा रस्ता ठाऊक नाही. बुधवारी सकाळी. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी तो बरं म्हणाला आणि तिनं चार्ज पुरा झाला असं धरलं. आणि गेले चार दिवस ती त्याच्याशेजारी बसून जेवत होती, दोन चमचे साखर घालून चहा पीत होती, ठरवून टाकलेल्या मनानं. त्याला राग यायला हवा होता. राग आला नाही. आली ती जुनीच, दातात अडकलेल्या सुतासारखी बारीक दुखणारी गोष्ट. गुंडी नोकरीला परगावी गेली तेव्हाची. घर एकदम रिकामं झालं होतं. तोवर तो दिवसपाळीला, ती रात्रपाळीला, पोरीसाठी. आता पोरच घरात नाही, तर सवलत हवीय कुणाला? तो तात्पुरतेसाहेबाकडे गेला होता, टोपी काढून, आणि म्हणाला होता, मला रात्रपाळी द्या. साहेब म्हणाला, बघतो. शनिवारी कळलं, मिळाली. तो इतका खूश झाला की वाटेत स्वतःशी शीळ घातली. तिला सांगायचंच नाही असं ठरवलं. सोमवारी रात्री वाइंडिंगच्या दारात जाऊन उभं राहायचं, तिचा चेहरा बघायचा. सकाळी एकाच रस्त्यानं घरी यायचं. काळ्या काचांच्या आत, भर दुपारी, एका वेळी झोपायचं. सोमवारी सकाळी ती घरी आली नाही, जादा काम लागलं असेल असं त्यानं धरलं, आणि संध्याकाळी तो गेटवर पोचला, तर ती आतून बाहेर येत होती. दिवसपाळी करून. तिनं दिवसपाळी मागून घेतली होती, त्याला न सांगता. दोघं सायकल स्टँडवर समोरासमोर आली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं तिच्याकडे. "भात झाकून ठेवलाय का?" तिनं विचारलं. "ठेवलाय," तो म्हणाला. आणि ती गेली.

तेव्हापासून सात वर्षं हे त्याच्या पोटात होतं. तो तिच्याकडे गेला आणि ती तिथून निघून गेली. नको असेल तिला. बायकांना एवढ्या वर्षांच्या एकटेपणाची गोडी लागत असेल. घर तिचं, शांतता तिची, मधे या धटिंगणाची लुडबुड कशाला? असं समजून घेऊन तो मूग गिळून बसला. चांगुलपणानं बसला असं त्याला वाटायचं. चांगुलपणा कसला, भिऊन बसला होता. विचारलं असतं आणि ती 'हो, नकोय' म्हणाली असती तर? न विचारता निदान पाच मिनिटं तरी मिळत होती, सकाळ-संध्याकाळ. तो पोचला तेव्हा गेट बंद होतं. आतला सायकल स्टँड जाळीतून दिसत होता, पूर्ण रिकामा. वॉचमननं ओळखून मान हलवली आणि म्हणाला, "आज काय? रविवार आहे." तो म्हणाला, "सहज," आणि परत फिरला.

घरी आला तर तिनं पडदा काढून धुवायला टाकला होता आणि खिडकीखाली स्टूल मांडून ठेवलं होतं. त्यानं पुडी सोडली. एक पातं तिनं घेतलं. तो स्टुलावर चढून वरून खरवडायला लागला, ती खाली उभी राहून खालून. काळ्या पापुद्र्याच्या साली निघून तिच्या केसांत पडत होत्या. नखाएवढा उजेड आला, मग तळहाताएवढा. फार काही सुंदर झालं असं नाही. भिंतीला डोकं टेकून टेकून पडलेला तेलकट डाग दिसला, पलंगाखालचा केर दिसला, छताला गेलेली चीर दिसली. त्यांनी खोलीला गुलाबी रंग दिला होता हे दोघंही विसरून गेले होते.

"तू होकार दिलास," तो काचेकडे तोंड करून म्हणाला.

तिचं पातं थांबलं. "हो."

"बुधवारीच."

"तुम्ही बरं म्हणालात ना."

"ते..." तो म्हणाला. ते सवयीचं होतं, हे सांगायला सोपं होतं. पण सवय कशाची म्हणून सांगायची? त्यानं पुन्हा खरवडायला सुरुवात केली. मग पुन्हा थांबला. "मला वाटलं नव्हतं तू इतक्या पटकन जाशील."

"मला वाटलं तुमची सुटका होईल," ती म्हणाली. आवाज साधा होता, भाजीचा भाव सांगावा इतका साधा. "हा आठवडा बघतेय ना मी. अंग चोरून झोपता. घरात पाहुण्यासारखे बसता. आज तर कोण म्हणून विचारलंत. तुम्हाला माझ्याबरोबर नकोच होतं कधी. मला काय कळत नाही?"

"कुणी सांगितलं तुला नको होतं म्हणून?"

"सांगायला कशाला हवं? गुंडी गेली तेव्हा मी साहेबाच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. म्हटलं, मला दिवसपाळी द्या, ह्यांच्या पाळीत टाका, आता आम्हाला एका वेळेला घरी असू दे. सांगताना लाज वाटत होती, या वयात. साहेब म्हणाले बघतो. मिळाली. तुम्हाला सांगितलंच नाही, म्हटलं एकदम गेटवर दिसेन. आणि गेले तर तुमची जागा रिकामी. विचारलं, तर म्हणाले, त्यांनी रात्रपाळी मागून घेतली. मागून." तिनं खिडकीच्या कठड्यावरच्या साली हातानं एका जागी गोळा केल्या. "मग मी काय समजायचं?"

तो स्टुलावरून खाली उतरला. त्याला वर उभं राहवेना. "मी तुझ्यासाठी मागितली होती," तो म्हणाला. "तुझी पाळी. तुला सांगितलं नाही, कारण मलाही एकदम..." आणि इथे त्याला रडू आलं, आणि तो स्वतःवरच चिडला, कारण सात वर्षं रडू न आलेल्या माणसानं नेमकं आता, हातात न्हाव्याचं पातं धरून, रडायचं म्हणजे काय?

ती पलंगावर बसली. सावकाश, गादीचा खळगा टाळून, कडेला. मग म्हणाली, "दोघांना विचारलं नाही त्या माणसानं?"

"त्याला काय. एक दिवसातून रात्रीत गेला, एक रात्रीतून दिवसात आली. त्याची माणसं बरोबर भरली."

"तात्पुरती व्यवस्था," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. त्यालाही फुटलं. दोघं एका वेळी हसले, आणि हसताना ती कशी दिसते हे त्यानं इतक्या उजेडात पहिल्यांदा पाहिलं. तिचा खालचा एक दात तिरका होता. हसू लवकरच ओसरलं. सात वर्षं सकाळ-संध्याकाळ ही बाई पत्र्याखाली त्याच्यासमोर उभी राहिली, दूध आणि नळ आणि गॅस सांगत, आणि आत हेच घेऊन. तोही तेच घेऊन. कुणी वाईट वागलं नव्हतं. कुणाचं काही चुकलंही नव्हतं, असं म्हटलं तरी चालेल. पण ती सात वर्षं गेली ती गेलीच, आणि त्याला त्या प्रत्येक दुपारचं वाईट वाटलं, एकेका दुपारचं, वेगवेगळं.

"आता काय उपयोग," ती म्हणाली. "उद्या सही आहे. आणि इथे थांबून करू काय? वाइंडिंगच राहणार नाही."

जाऊ नकोस, हे शब्द त्याच्या तोंडात आठवडाभर तयार होते. आता तोंड उघडायला हरकत नव्हती, तर ते निरुपयोगी झाले होते. तिच्या हातातलं काम तिकडे निघालं होतं. तिला इथे ठेवून घ्यायचं म्हणजे तिनं रिकामे हात घेऊन त्याच्यासमोर बसायचं. गल्लीत कुठेतरी कुणीतरी काच पुरी केली असावी, पोरं ओरडत होती, मोठ्यानं, भर दुपारी, आणि त्यांना कुणी हळू म्हणत नव्हतं.

"मी येऊ का?" त्यानं विचारलं.

"कुठे?"

"तिकडे."

"तिकडे पॅकिंगला माणूस लागत नाही. यंत्रच भरतं, यंत्रच ठोकतं. मी विचारलं होतं." ती थांबली. "बुधवारीच विचारलं होतं मी."

"कामाला नाही म्हणत. असाच."

"असाच म्हणजे?"

"तुझ्याबरोबर."

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि त्याच्याकडे नीट बघितलं, तो खरंच बोलतोय की उगाच, हे ठरवत असल्यासारखं. त्याच्या हातात अजून पातं होतं. ते तिनं काढून घेतलं आणि कागदात ठेवलं.

"मला तिकडे रात्रपाळी दिलीय," ती म्हणाली. "नव्यांना रात्रपाळीच देतात. किती वर्षं, ते सांगत नाहीत. तुम्ही याल, आणि रात्री त्या परक्या खोलीत एकटेच पडाल. मी सकाळी येऊन झोपणार. पुन्हा तेच."

"मग मी दिवसा झोपत जाईन."

"काम नाही, धंदा नाही, आणि चांगला धडधाकट बाप्या दिवसाढवळ्या झोपलाय." ती मान खाली घालून बोलत होती, पण तिचा आवाज हलला होता. "लोक हसतील तुम्हाला."

"हसू देत," तो म्हणाला. "तेव्हा आपण झोपलेलो असू."